एका दमात बारा महिने

धोंडिबा जमादार गेल्याची बातमी मला मिळाली ती एका दाढदुखीच्या पेशंटकडून. बाजारचा दिवस, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी म्हणतोय तोंड उघडा, तर हा माणूस बोलायलाच लागला. "जमादार गेले न्हवं का, डाक्टर. सकाळीच नदीवर नेलं." मी हातातला चिमटा तसाच धरून उभा राहिलो... सकाळी म्हणजे किती वाजता, कुणी कुणी नेलं, मला का नाही सांगितलं, असे दहा प्रश्न त्या बिचाऱ्यावर फेकले. त्याची दाढ त्या दिवशी राहूनच गेली. दुपारी जमादारांच्या पुतण्याकडे गेलो तर तो म्हणाला, "काकाच सांगून गेले, डाक्टरला पेशंट असत्यात, त्यास्नी नदीवरनं आल्यावर सांगा." मरतानाही माणसानं दुसऱ्याच्या कामाची वेळ सांभाळावी, याचं लोकांना कौतुक वाटतं. मला राग आला. अजून येतो. त्या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले आणि या सहा आठवड्यांत मी एका जागी धड बसलेलो नाही. लिहायला बसतो, चार ओळी झाल्या की उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. पायाला भिंगरी लागलीय का, असं बायको विचारते. तिला काय सांगणार?

भोरबाहेरच्या वाचकांना जमादार माहीत असण्याचं कारण नाही. संस्थानच्या काळापासून आमच्या गावात आग विझवायचा एक हातपंपाचा बंब होता. बैलगाडीवर चढवलेला, दोन्ही बाजूंना दांडे, एकेका दांड्याला चार माणसं. नीरेचं पाणी पखालीनं आणून त्यात ओतायचं आणि माणसांनी दांडे मारायचे. संस्थान विलीन झालं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण बंब तोच राहिला आणि त्यावरचे जमादारही तेच राहिले. उंच, हाडकुळे, मिशा एका बाजूनं जरा आखूड, कारण ती बाजू कधीतरी आगीत होरपळली होती आणि परत नीट आली नाही. मूळचे पासलीकडच्या वाडीतले, घरी शेरडं-गुरं. बोलणं मोजकं. मी पुण्याहून डॉक्टरी शिकून नुकता आलो होतो आणि माझं बोलणं अजिबात मोजकं नव्हतं. आमचं जुळायला तसं काही कारण नव्हतं.

त्यांची एक पद्धत होती, तिला गावात 'जमादाराची हजेरी' म्हणत आणि तिची यथेच्छ टिंगल करत. आग विझली की लोकांना वाटतं संपलं. जमादारांचं काम तिथून पुढं सुरू व्हायचं. नळ्या गुंडाळायच्या आधी ते आपल्या सगळ्या माणसांना वाऱ्याच्या तोंडाशी, मोकळ्यावर, ओळीनं बसवायचे. प्रत्येकाच्या हातात धोतराच्या फाडलेल्या पांढऱ्या चिंधीचा तुकडा. त्यावर थुंकायचं. मग जमादार एकेकासमोर उकिडवे बसायचे, चिंधी बघायचे, हनुवटी वर करून नाकपुड्यांत बघायचे, आणि म्हणायचे, "नाव सांग. गाव सांग. आता म्हैने म्हन, एका दमात." मग तो माणूस चैत्र-वैशाख-ज्येष्ठ करत सुटायचा. फाल्गुनापर्यंत जो पोचला तो मोकळा. मध्ये जो अडकला, किंवा ज्याचा आवाज बसला, किंवा ज्याची चिंधी काळी झाली, त्याला त्या दिवशी बंबाला हात लावू द्यायचे नाहीत, घरी चालत जाऊ द्यायचे नाहीत. गाडीत घालून बंबखान्याच्या ओसरीवर न्यायचे आणि भिंतीला टेकून बसवून ठेवायचे, ते दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंत. स्वतः शेजारी. माणूस म्हणायचा, जमादार, मला कायबी झालं न्हाई. जमादार म्हणायचे, "म्या तरी कुठं म्हनलं झालंय? बस."

हे त्यांना कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, घोड्यांनी. लहानपणी ते पागेत कामाला होते आणि तिथं एकदा गवताला आग लागली. सगळी घोडी वेळेत बाहेर काढली, एकाच्याही अंगावर चट्टा नाही. संध्याकाळी त्यांनी दाणा खाल्ला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत त्यातली दोन मान खाली घालून, नाकातून फेस काढत उभ्या उभ्या कोसळली. पागेतल्या म्हाताऱ्या चाकरानं तेव्हा सांगितलं होतं की आगीतनं काढलेलं जनावर दिसायला धड असलं तरी एक दिवस चालवायचं नाही, धूर आत बसून राहतो आणि मागनं काम करतो. जमादार म्हणाले, "घोडं बरं हाय, घोड्याला खोटं बोलता येत न्हाई. मानूस मरायला टेकला तरी बरा हाय म्हनतो." मी हे ऐकलं आणि हसलो. पशुवैद्यक आणि मानवी वैद्यक यांतला फरक मी त्यांना समजावून सांगितला. आता आठवलं की कान गरम होतात.

विलीनीकरणानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची गोष्ट. चैत्रातली सकाळ, आणि बाजारातल्या मिरचीच्या वखारीला आग लागली. सुकी मिरची भडकत नाही, धुमसते. पोत्यांमागून पोती आतल्या आत जळत होती आणि अर्ध्या गावात कुणाला डोळे उघडवत नव्हते. वखारीच्या मागं वखारवाल्याची माणसं अडकली होती असा आरडाओरडा झाला आणि बंबावरचा रामजी नावाचा पासलीचाच गडी तोंडाला ओला पंचा बांधून आत शिरला. तिथं कुणीच नव्हतं. पण ते कळायला त्याला आत सगळं शोधावं लागलं आणि बाहेर यायला बराच वेळ लागला. आल्यावर तो खोकत होता. सगळेच खोकत होते म्हणा, वखारीसमोरचा शिंपी खोकत होता, बघे खोकत होते, बैल शिंकत होते. त्या सगळ्याला एक जत्रेची कळा आली होती, लोक एकमेकांचे लाल डोळे बघून हसत होते.

जमादारांनी हजेरी घेतली आणि रामजीला स्वतः माझ्या दवाखान्यात घेऊन आले. हे त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं. म्हणाले, "चिंधी काळी हाय, डाक्टर. नाकातलं केस जळल्यात. आन् म्हैने म्हनताना श्रावणाशी अडकला." रामजी अठ्ठावीस-तीस वर्षांचा, दणकट, आणि घाईत. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावची जत्रा होती, त्याला रजा मिळालेली होती, तीनची एस.टी. गाठायची होती. मी नळी लावली, छाती ऐकली, मला तेव्हा तरी काही वावगं ऐकू आलं नाही. अंगावर भाजल्याची खूण नाही. आवाज घोगरा होता. मी म्हणालो... काय म्हणालो ते शब्दन् शब्द लिहितो, कारण ते मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "जमादार, मिरचीच्या वखारीतून आलेला माणूस खोकणार नाही तर काय भूपाळी म्हणणार? मिरचीचा ठसका आहे हा." आणि मी मोठ्यानं हसलो. रामजीही हसला, खोकत खोकत. दवाखान्यात बसलेले दोन-तीन परगावचे पेशंटही हसले. मी त्याला खोकल्याचं औषध दिलं आणि म्हणालो, जा खुशाल जत्रेला. जमादार म्हणाले, "एक दिवस ठिवून घ्या." मी म्हणालो, "हा दवाखाना आहे, पागा नाही." 

मिरचीचा ठसका आमच्याकडं कुणाला नवा आहे? घराघरांत रोज फोडणीला उठतो, माणूस शिंकतो, खोकतो, पाणी पितो, विसरतो. तेच माझ्या डोक्यात होतं. पुण्यात शिकलेली सगळी विद्या एका फोडणीनं झाकून टाकली. रामजीनं एस.टी. गाठली, वेल्ह्याला उतरला आणि तिथून पासलीपर्यंतची वाट, त्यातला चढ, खोकत खोकत चालून गेला. दुसऱ्या दिवशी जत्रेची पालखी देवळाबाहेर पडायच्या सुमाराला तो घरात बसल्या जागी गेला. घसा आतून सुजून बंद झाला होता, छातीत पाणी झालं होतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा भोरात एवढंच कळलं की बंबावरचा रामजी पासलीत धाप लागून वारला.

गावाकडची माणसं आली, नगरपालिकेत चौकशी बसली. आगीतून आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय घरी कुणी सोडला, असा प्रश्न होता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो आणि उठून बोलायचंच अशी मनाशी तयारी करत होतो. हो, करत होतो, असं मी स्वतःला सांगतो. माझ्या आधी जमादार उठले. म्हणाले, "म्या सोडला. जत्रा व्हती, म्या म्हनलं जा." एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी उठलो नाही. खुर्ची सोडून पुढं जायला चार पावलं लागली असती... त्या चार पावलांपायी मी नंतर किती मैल चाललो असेन. जमादारांचं बंबावरचं काम गेलं. त्यांना जकात नाक्यावर बसवलं, गाड्या अडवायला. बंबावर नवा माणूस आला आणि हजेरी बंद झाली. गावानं हसायची एक गोष्ट गमावली, एवढंच लोकांना वाटलं.

महिनाभर मी नाक्याकडून जायचं टाळलं. नाका नेमका माझ्या खेडेगावच्या व्हिजिटींच्या रस्त्यावर, तेव्हा मी वाट वाकडी करून, ओढ्यातून सायकल उचलून नेत असे. शेवटी एक दिवस स्वतःचाच संताप आला आणि सरळ नाक्यावर जाऊन सायकल टेकवली. विचारलं, "का बोललात तसं?" ते आडव्या बांबूला टेकून उभे होते. म्हणाले, "तुमचा दवाखाना बंद पडला असता, तर म्होरल्या मान्साला कुनी बघितलं असतं? मी काय, मी कुठंबी बसंन." मग म्हणाले, "पर त्याची आई हाय. हौसाबाई. तिच्याकडं जायाचं ते तुमचं तुमी बघा. त्ये म्या करनार न्हाई." मी म्हणालो, जातो. खरंच म्हणालो. आणि मग म्हणालो, "मला ती हजेरी शिकवा." त्यांनी मला बांबूपलीकडच्या दगडावर बसवलं आणि म्हणाले, "आदी नाव सांगा." मला वाटलं थट्टा करतात. पण त्यांनी खरोखर माझ्याकडून नाव, गाव आणि बारा महिने म्हणवून घेतले, आणि डोळे मिटून ऐकले. निरोगी माणसाचा आवाज आधी कानात बसला पाहिजे, मग बिघडलेला ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी नाक्यावरून गेलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला मी महिने म्हणायला लावले. लोकांना वाटलं डॉक्टरला उन्हाचं लागलंय.

मग मी पुण्याला जाऊन माझ्या जुन्या सरांना गाठलं. त्यांच्यापुढं सगळं ओकलो, फक्त रामजीला हसलो ते सोडून. सरांनी जे पुस्तकांतून काढून दाखवलं ते एकेक जमादारांच्या चिंधीशी जुळत गेलं. थुंकीतली काजळी, नाकातले जळके केस, बसलेला आवाज, ही गरम धूर आत गेल्याची खूण. सूज लगेच येत नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येते, म्हणून माणूस आधी बरा दिसतो. त्याला चालवायचं नाही, आडवं पाडायचं नाही, टेकून बसवायचं, मोकळी हवा द्यायची, डोळ्यांसमोर ठेवायचं. आणि दुसरा एक प्रकार, बंद जागेतल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, जो रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसतो. त्यात डोकं दुखतं, माणूस बरळतो, झोकांड्या खातो, गाल कधी लाल दिसतात, कधी नाही. त्याला ऑक्सिजन हवा. मी महिन्या-दीड महिन्यात ऑक्सिजनचं एक नळकांडं पुण्याहून आणून दवाखान्यात उभं केलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं. चुलीपाशी खोकणाऱ्या बायकांनासुद्धा मी चिंध्या देऊ लागलो.

विंझरला आठवड्यातून एकदा मी पेशंट बघायला जात असे. एका खेपेला जमादारांना सुटी होती, तेही गावी निघाले होते, म्हणून एस.टी.त बरोबर होते. विंझरला गाडीतूनच धूर दिसला, दोघंही उतरलो तर एका गोठ्याच्या माळ्यावरचा पेंढा पेटलेला, लोकांनी नुकताच विझवलेला. आत शिरून गुरांची दावी कापणारा किसन नावाचा माणूस अंगणात झोकांड्या खात होता, कुणाला तरी मामा म्हणत होता, आणि बायकोला विचारत होता तू कोण. तिथं वेल्ह्याचा एक हवालदार उभा होता. दारूबंदीचे दिवस. त्यानं किसनचा दंड धरला आणि म्हणाला, "चल बेवड्या, आगीतबी पिऊन आलास व्हय?" मी पुढं होतो, पण जमादार माझ्या आधी बोलले. "हवालदार, दारू न्हाई ती. धूर चढलाय. तोंडाचा वास घ्या." हवालदारानं वास घेतला, नुसता पेंढ्याचा धूर. तरी तो दंड सोडेना, कारण चार लोकांसमोर पकडलेला माणूस सोडायचा म्हणजे लाजच. तेव्हा मी डॉक्टरी आवाज काढला, हा माणूस मेला तर तुमच्या हातात मेला असं लिहून देईन म्हणालो. मग सुटला. परतीची एस.टी. थांबवली, मागचं सबंध बाक रिकामं करून घेतलं, सगळ्या खिडक्या उघडून किसनला कुशीवर निजवलं. कंडक्टर कुरकुरत होता, जमादारांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. भोरला येऊन ऑक्सिजन लावला. संध्याकाळी दिवेलागणीला किसननं बायकोकडे बघून विचारलं, गुरं सुटली का सगळी. ती बाई मटकन खाली बसली. जमादार दारातून म्हणाले, "मुखवटा आनखी जरा वेळ ऱ्हाऊ द्या." आणि नाक्याकडे निघून गेले, त्यांची गावची एस.टी. माझ्यामुळं चुकलेली होती.

त्यानंतर वणव्याच्या दिवसांत डोंगरातली माणसं आपणहून येऊ लागली. चिंधी हातात धरूनच यायची. नव्या जमादारानंही हजेरी परत सुरू केली, मला विचारून. लोक मला म्हणायचे, डॉक्टर, तुमची ही युक्ती भारी. मी म्हणायचो, माझी नाही, जमादारांची. तेवढं म्हणायचं धाडस माझ्यात होतं. रामजीचं नाव काढायचं नव्हतं. आणि हौसाबाईंकडे मी गेलो नाही. पहिल्या वर्षी वाटलं, जखम ताजी आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता कशाला खपली काढा. मग पावसाळा, मग साथीचा ताप, मग मुलीचं बारसं. कारणांना काय तोटा? जमादार दर चैत्रात पासलीच्या जत्रेला जात आणि परत आल्यावर मला एकच वाक्य सांगत, "हौसाबाई बरी हाय." कधी उपदेश नाही, टोमणा नाही. मला वाटायचं एकदा तरी शिव्या द्याव्यात या माणसानं, म्हणजे मला उलट भांडता येईल. शेवटची भेट पौषात झाली. त्यांची छाती मी ऐकत होतो, आणि जे ऐकत होतो ते चांगलं नव्हतं, आयुष्यभराचा धूर होता तो. सदरा घालता घालता ते म्हणाले, "औंदा जत्रंला माझं जानं व्हनार न्हाई, डाक्टर." मी म्हणालो, बघू, बरे व्हाल. त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बटणं लावत राहिले. ते काय सांगत होते ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी पुढचा पेशंट आत बोलावला.

गेल्या पंधरवड्यात गेलो. दवाखान्याला सकाळीच कुलूप लावलं, एस.टी.नं वेल्हे गाठलं, आणि रामजी चालला ती वाट चाललो. चढावर मला धाप लागली, मी थांबलो, आणि तो थांबला असेल का याचा विचार करत उभा राहिलो. घर सापडलं. हौसाबाई अंगणात शेरडांना पाला टाकत होत्या. साठीच्या, काटक. धाकट्या मुलाची बायको अंगणाच्या कडेला, झाडाखाली मांडलेल्या चुलीवर भाकरी थापत होती. मी ओळख सांगितली. त्यांनी घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. मी पाणीही न पिता उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वखार, चिंधी, श्रावण, माझं हसणं, जमादारांनी अंगावर घेतलेलं. मावशी, त्याला जमादारांनी सोडला नाही, मी सोडला... वाक्य तुटत होतं, मी परत परत पहिल्यापासून सुरू करत होतो.

 हातातला पाला शेरडांनी ओढून नेला तरी मूठ तशीच. मग म्हणाल्या, "त्यो आल्यावर मला म्हनला व्हता, आये, डाक्टर हसलं, म्हंजी कायबी न्हाई. म्हनून मी कुनाला बलीवलं न्हाई." मूठ सोडली आणि म्हणाल्या, "सकाळी लई धाप लागली. मी दार लावलं, घोंगडी पांघरली, आन् निखाऱ्यावर ववा टाकून धुरी दिली त्याला. खोकल्याला देत्यात तशी. धुरी देता देता गेला त्यो." आणि मग त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "म्हंजी माज्या धुरीनं न्हाई गेला?"

मी घोंगडीवर बसलो. मी नऊ वर्षं माझ्याच लाजेभोवती फिरत होतो. इथं या डोंगरावर एक आई रोज मुलाच्या खुनाचा आळ स्वतःवर घेत असेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. जमादारांनाही ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं, तिनं सांगितलंच नव्हतं. आणि खोटं बोलायची सोय माझ्यापाशी नव्हती. धुरीनं त्याला बरं वाटलं नसणार, त्रासच झाला असणार, हे डॉक्टर म्हणून मला माहीत होतं. मी म्हणालो, "मावशी, त्याचा घसा आतून आधीच सुजला होता. मी त्याला भोरात ठेवून घ्यायला हवं होतं, जमादार तेच सांगत होते. ठेवला असता तर तुमच्यावर धुरी द्यायची वेळच आली नसती."  सून भाकरी उतरवून जवळ आली होती. मी तिला काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, चूल बाहेर का. ती म्हणाली, "आत्याबाई घरात धूर करू देत न्हाईत. पावसाळ्यातबी वळचनीला मांडतो. का, ते सांगत न्हाईत."

हौसाबाई उठल्या. मला वाटलं, आता जा म्हणतील, आणि मी जायला तयार होतो. त्या म्हणाल्या, "आता मला सांगितलं त्येच हिच्यासमूर सांगा." मी सांगितलं. मग त्यांनी शेजारच्या दोन बायकांना हाक मारली. "ह्यास्नीबी सांगा." मी सांगितलं, रामजीला हसलो होतो ते सुद्धा. मग देवळाजवळच्या घरातून एका म्हाताऱ्या कारभाऱ्यांना आणलं. ते कानानं अधू. कानामागं हात धरून म्हणाले, "मोठ्यानं बोला." मी अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात चौथ्यांदा सांगितलं. हौसाबाई प्रत्येक वेळी बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या, एखादा शब्द गळला तर "हसलं व्हते त्येबी सांगा" म्हणत होत्या. रडल्या नाहीत. मला माफ केलं असंही त्या म्हणाल्या नाहीत आणि मी मागितलीही नाही. निघताना त्यांनीच विचारलं, "भोरात समद्यास्नी अजून वाटतंय जमादारानं सोडला म्हनून?" मी म्हणालो, होय. "मंग पेपरात लिवा. माज्या रामजीचं नाव घालून."

म्हणून हे लिहिलं आहे. सहाव्यांदा उठून परत बसतोय, पण लिहिलं आहे. हे छापून आलं की अंक घेऊन चैत्रात पासलीच्या जत्रेला जायचं आहे. हौसाबाईंना वाचता येत नाही, सुनेलाही नाही. अंगणात उभं राहून मलाच वाचून दाखवावं लागणार आहे.